शेठ लोकांना राजदूत कशाला करायचं? (उत्तर देतोय, लांब आहे)

खवचट_दादरकर: काल इथे एकाने लिहिलं की धंदेवाल्याला राजदूत करणं म्हणजे शेठला दिलेलं रिटर्न गिफ्ट, मग आयएफएसवाल्यांनी, म्हणजे परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यांनी, काय फायली उचलायच्या. लाइकांचा पाऊस पडला वर. अहो, गगनविहारी मेहता ऐकलेत का कधी? ज्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन या देशी बोट कंपनीला इंग्रज बोटवाल्यांनी भाडी पाडून बुडवायला बघितलं तिथे मुरलेला माणूस, पुढे फिक्की या उद्योजकांच्या संघटनेचा अध्यक्ष, आयातकराचं टॅरिफ बोर्ड, नियोजन आयोग आणि 1952 ते 58 वॉशिंग्टनला राजदूत. पाकिस्तानला अमेरिकेची शस्त्रं, पीएल-480 या अमेरिकन कायद्याखाली येणारा गहू, सगळं त्याच काळात. आयएफएस तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती, पाठवणार कुणाला?

फायलीतला_उंदीर: मेहता शेठ कधी झाले? सिंदियात पगारी होते ते. तुमचं उदाहरण तुमच्याच अंगाशी आलं.

बोरीबंदर: सिंदिया म्हटलं की पहिले तिचे संस्थापक वालचंद हिराचंद! 1919 ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांची बोट घेऊन लंडनला धाडली, आपल्या सोलापूरच्या मराठी माणसाने.

फायलीतला_उंदीर: मराठी?? गुजराती जैन घराणं होतं. आपल्याला कुणीही चालतं, फक्त मोठा झालेला पाहिजे.

बोरीबंदर: जन्म सोलापूरचा, कारखाना वालचंदनगरला, तरी तुम्ही घरची भाषा तपासणार. माझे वडील कुर्ल्याला वालचंदांच्याच प्रीमियर मोटार कारखान्यात लेथवर होते, हाताचा ऑइलचा वास साबणाने जायचा नाही, आमच्या चाळीतली निम्मी घरं त्या पगारावर चालली. तेव्हा कुणी विचारलं नाही मालक घरात काय बोलतो ते.

फायलीतला_उंदीर: रडगाणं नको, मुद्दा बोला.

खवचट_दादरकर: वालचंदांचा वेगळा धागा काढा रे! 1955 ला ह्यूस्टनच्या विमानतळावर ह्याच मेहतांना रंगावरून वेगळ्या खोलीत जेवायला बसवलं, देशाच्या राजदूताला! थेट अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांना माफी मागावी लागली. मेहतांनी त्याचा तमाशा केला नाही, कारण उद्या त्याच लोकांकडून पैसा आणि धान्य आणायचं होतं. ही अक्कल बाजारातच येते.

फायलीतला_उंदीर: बरं बाबा, मेहता ग्रेट. एक माणूस. त्यांच्यानंतर वॉशिंग्टनला छागला गेले, ते तर मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, मग आता जज्ज भरायचे का सगळीकडे?

आंबेवाली_ताई: मला छागलाही नको नि मेहताही नको. आमच्या हापूसच्या पेट्या परदेशात बंदरावर अडकल्या, वकिलातीत फोन केला तर साहेब म्हणतात मेल टाका. टाकला. पेट्यांतून रस गळायला लागला तरी उत्तर नाही. एखादा व्यापारी बसला असता ना तिथे, त्याला निदान कळलं असतं की माल नासतो.

फायलीतला_उंदीर: कळलं असतं की. आणि ताई, त्याने आधी स्वतःच्या भाच्याच्या पेट्या सोडवल्या असत्या.