लॅपटॉपचा चार्जिंग जॅक घरी बदलता येतो का? दुकानदार मदरबोर्डचं काम म्हणतोय

सांगलीकर_आप्पा:
मंडळी सल्ला हवाय. बायकोचा लॅपटॉप २०१९ चा, १५ इंची, वॉरंटी कधीच संपली. बरेच दिवस चार्जरची पिन एका ठरावीक कोनात धरली तरच लाइट लागायचा, मग खाली वही टेकव, वायरला पीळ दे असे उद्योग चालू होते. आता नवीनच सुरू झालंय, चार्जरवर मशीन चालतं पण बॅटरी चढत नाही, 'प्लग्ड इन, नॉट चार्जिंग' दाखवतं आणि इतकं स्लो होतं की एक्सेल उघडेपर्यंत चहा होतो. ॲडॉप्टरवर १९.५ व्होल्ट, ६५ वॅट लिहिलंय, गोल पिन आहे आणि तिच्या आत मधोमध बारीक सुई. दुकानात म्हणाले मदरबोर्डचं काम आहे, तीन हजार होतील, ठेवून जा. यूट्यूबवर एक जण नुसती वायर काढून नवी लावतोय आणि दुसरा सोल्डरिंग (कथील वितळवून जोड) करतोय, नेमकं खरं काय? पंखा मिक्सर खोलायची सवय आहे, लॅपटॉप कधी उघडला नाही.

टापकीर_गल्ली:
दोन्ही खरं आहे आप्पा, मॉडेलवर अवलंबून. काहींत जॅक थेट बोर्डावर सोल्डर केलेला असतो आणि काहींत जॅकला वितभर वायर आणि तिच्या टोकाला कनेक्टर असतो, तो बोर्डात नुसता खोचलेला. मधे सुईवाली गोल पिन म्हणजे बहुतेक डेल नाहीतर एचपी, आणि त्यांच्या बऱ्याच मॉडेलमधे वायरवालाच जॅक येतो. तसा निघाला तर घरी आरामात होईल, मदरबोर्डला हात लावायचाच नाही.

पण आधी जॅकच गेलाय का ते बघा. ती सुई पॉवर नेत नाही, ती फक्त ओळख पटवते, म्हणजे ॲडॉप्टर किती वॅटचा आहे ते लॅपटॉपला तिच्यावरून कळतं (डेलच्या ॲडॉप्टरमधे त्यासाठी वेगळी चिमुकली चिप असते). ओळख पटली नाही की मशीन चालतं पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग मुद्दाम खाली ठेवतं. तुमचं स्लो होणं त्यातलंच वाटतंय. आता ही ओळख तीन ठिकाणी तुटू शकते, ॲडॉप्टरची सुई वाकली, ॲडॉप्टरची वायर पिनेजवळ आतून तुटली, किंवा लॅपटॉपचा जॅक गेला. त्यामुळे कुणाकडून तरी तसाच ६५ वॅटचा ॲडॉप्टर मागून आणा आणि लावून बघा. नीट चार्ज झाला तर लॅपटॉप उघडायचीच गरज नाही, फक्त ॲडॉप्टर घ्या. डेल असेल तर चालू करताना एफ२ दाबून बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंगची स्क्रीन) जा, तिथे ॲडॉप्टर किती वॅटचा ते दिसतं, ओळखला नसेल तर तसं लिहून येतं.

मल्टीमीटर असेल तरी जपून. पिनेची बाहेरची बाजू निगेटिव्ह, नळीची आतली बाजू पॉझिटिव्ह. आत टोक घालताना ते सुईला आणि नळीला एकदम टेकलं तर १९ व्होल्ट सरळ ओळखीच्या वायरवर जातात आणि ती चिप उडू शकते, म्हणजे चांगल्या ॲडॉप्टरचं वाटोळं.

जुगाडू_नाना:
कशाला एवढं. जॅकच्या वायरी कापायच्या, दोन वायरी बाहेर काढायच्या, साधा कुठलाही सॉकेट जोडायचा, वर टेप. माझा जुना लॅपटॉप असाच चालतोय.

दुकानवाला_बंड्या:
नाना तुमच्या लॅपटॉपला सुई नसेल. इथं तीन वायरी आहेत, दोनच काढल्या तर आत्ता आहे तोच प्रॉब्लेम कायमचा राहणार. आणि ६५ वॅट म्हणजे सव्वातीन अँपियरच्या वर, बारीक वायर आणि टेपचा जॉइंट त्याला गरम होतो. मांडीवर घ्यायची वस्तू आहे ती.

आप्पा मी रिपेअरिंगच करतो म्हणून सांगतो, खालचं कव्हर उघडल्यावर जॅक बोर्डावरच सोल्डर केलेला दिसला तर परत बंद करा आणि दुकानात द्या. घरची २५ वॅटची गन तिथं पुरत नाही, बोर्डात आतल्या थरांत तांब्याचा अख्खा पत्रा असतो तो सगळी उष्णता ओढून घेतो, कथील वितळतच नाही, मग माणूस वैतागून जॅक उपटतो आणि भोकातलं तांबं सोबत निघून येतं. तिथून पुढे खरंच मदरबोर्डचं काम होतं. आम्ही सुद्धा आधी कमी तापमानाला वितळणारं बिस्मथवालं सोल्डर मिसळतो, जुना जॅक कटरने तोडतो आणि एकेक पाय वेगळा काढतो. टाइप सी पोर्ट असता तर विचारच करू नका म्हटलं असतं, २४ बारीक पिना असतात त्याला.

दुकानदाराने न उघडता तीन हजार सांगितले असतील तर दुसरीकडे विचारा. उघडून सांगितले असतील तर वेगळी गोष्ट.

सांगलीकर_आप्पा:
न उघडताच सांगितले हो. ऑफिसातल्या एकाचा ॲडॉप्टर आणून लावला, तसंच. आणि माझा ॲडॉप्टर त्याच्या लॅपटॉपला लावला तर मस्त चार्ज झाला. म्हणजे जॅकच ना? डेल आहे, एफ२ मधे ॲडॉप्टर अननोन दाखवतोय. पार्ट कसा मागवू आणि उघडताना काय सांभाळू?

टापकीर_गल्ली:
हो आता जॅक किंवा त्याची वायर. अगदी क्वचित बोर्डावरचा भाग असतो पण पिन हलवल्यावर फरक पडत होता म्हणजे जॅकच धरा. खाली स्टिकरवर सर्व्हिस टॅग (तुमच्या मशीनचा ओळख क्रमांक) आहे तो डेलच्या साइटवर टाका, तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल फुकट मिळतं, त्यात जॅक वायरवाला आहे का आणि तो काढायला आधी काय काय काढावं लागतं ते सगळं चित्रांसकट आहे. पार्ट मात्र मॉडेलचं नाव बघून मागवू नका, एकाच नावात दोनतीन प्रकारच्या वायरी येतात. जुन्या वायरीवर चिठ्ठी असते, तिच्यावरचा पार्ट नंबर बघा आणि तोच घ्या, म्हणजे आधी उघडा, फोटो काढा, बंद करा, मग ऑर्डर. माझ्या अंदाजाने पाचशेच्या आत बसेल.

उघडताना चार्जर काढा, मशीन पूर्ण बंद, कव्हर निघाल्याबरोबर पहिल्यांदा बॅटरीचा कनेक्टर काढायचा आणि मग पॉवर बटण पंधरावीस सेकंद दाबून धरायचं. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचायचं वाकवायचं नाही, आधी तीच बदला. कागदावर लॅपटॉपचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी टोचून ठेवा, लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वर हात टेकतो तिथे टेंगूळ येतं. कव्हर लॉकवर असतं, स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, जुनं एटीएम कार्ड घ्या. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो आधी निघतो, त्याच्या खाली पण स्क्रू लपलेले असतात.

दुकानवाला_बंड्या:
एक राहिलं, बऱ्याच डेलमधे जॅकवर स्क्रीनची बिजागरी येते, तिचे स्क्रू काढून ती अलगद वर उचलल्याशिवाय जॅक निघत नाही. बिजागरी कडक असेल तर जोर लावू नका, प्लास्टिकमधले पितळी नट उखडून येतात आणि मग जॅक राहतो बाजूला. वायर ज्या खाचेतून आली त्याच खाचेतून परत बसवा, नाहीतर कव्हरखाली चेपते. नवा जॅक लावला की कव्हर न लावता बॅटरी जोडून चार्जर लावा आणि एफ२ मधे ६५ वॅट आलं का बघा. आलं की मगच स्क्रू पिळा.