कादंबरी 212 पानांवर अडकली आहे. लिहायला वेळ देणारी फेलोशिप कुणी घेतली आहे का?

पूर्वभागवाली:
नमस्कार मंडळी. माझा एक कथासंग्रह आणि एक कादंबरी छापून झाली आहे. दुसरी कादंबरी तीन वर्षं 212 पानांवर बसून आहे. विषय आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातला. विडी वळणाऱ्या पद्मशाली समाजातल्या बायका, घरात तेलुगू, बाजारात मराठी, मांडीवर सूप आणि हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी.

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे. मे महिन्यात वेळच वेळ असतो, पण तेव्हा पगार नसतो म्हणून शिकवण्या घेते. पहाटे तासभर लिहायला बसते, त्यातली वीस मिनिटं काल कुठे थांबले होते ते शोधण्यात जातात. मला सलग तीन-चार महिने हवेत, एवढंच.

वय 41. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची सीनियर फेलोशिप पाहिली. चाळिशीपुढच्यांना, दोन वर्षं, महिना 20,000. कादंबरीला मिळते का? आणि कृपा करून साहित्य संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान सुचवू नका. ते पहिल्या पुस्तकाला असतं. नवी होते तेव्हा माहीत नव्हतं, माहीत झालं तोवर जुनी झाले.

जुनी_वही:
ताई, मी यातली ज्युनियर केली आहे, 25 ते 40 वयाची, महिना 10,000. वाईट वाटेल, पण सांगतो. ही संशोधनाची फेलोशिप आहे. आत्मचरित्र किंवा कथा-कादंबरी लिहिण्यासाठी ती नाही, असं नियमातच आहे. अर्जात 'साहित्य' हे क्षेत्र दिसतं आणि आपण हुरळतो. माझा विषय दशावतार होता म्हणून नियमात बसलो. पैसे दर महिन्याला येत नाहीत, सहामाही चार हप्ते असतात आणि मध्ये अहवाल द्यायचा. घरखर्च त्या हिशेबाने आखावा लागतो.

बारा_भानगडी:
त्यात काय एवढं! 'विडी कामगार स्त्रियांची मौखिक गीते' असं नाव द्या आणि गुपचूप कादंबरी लिहा.

पूर्वभागवाली:
@बारा_भानगडी, हसले. पण खोटं सोडा, हिशेबही बसत नाही. गाण्यांचे चार अहवाल लिहायचे आणि कादंबरीही, म्हणजे माझा तो पहाटेचा तासही जायचा. शिवाय गाणी माझ्याकडे खरोखर आहेत. तीन वह्या, तेलुगू शब्द देवनागरीत, कारण मला तेलुगू लिपी येत नाही. त्यांच्यावर काम करायचंच झालं तर सरळ करीन, कादंबरीचा बुरखा म्हणून नाही.
@जुनी_वही, वाईट वाटलं खरं. तरी अर्जाआधी कळलं हे बरं.

हेसरघट्टा_रिटर्न्स:
मी बंगळुरात असतो, मराठीतून कविता लिहितो. माझ्या माहितीतलं सांगतो. न्यू इंडिया फाउंडेशनची फेलोशिप घसघशीत आहे, वर्षाचे 18 लाख, पण ती स्वतंत्र भारतावरच्या ललितेतर पुस्तकाला. त्यांचीच अनुवादाची आहे, सहा महिन्यांना 6 लाख, मराठीही त्यात आहे. पण तीही ललितेतर आणि इंग्रजीत करायच्या अनुवादासाठी. पीएम-युवा या केंद्राच्या तरुण लेखकांसाठीच्या योजनेत महिना 50,000 सहा महिने मिळतात, पण तिशीच्या आतल्यांना. थोडक्यात, मोठा पैसा माहितीला आणि तरुणांना. चाळिशीतल्या मराठी कादंबरीकाराने काय करायचं, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

तुमच्या कामाची वाटते ती संगम हाउस. अर्शिया सत्तार आणि डी. डब्ल्यू. गिब्सन यांनी 2008 मध्ये सुरू केलेली निवासी योजना. बरीच वर्षं हेसरघट्ट्याला, नृत्यग्राम या नृत्यशाळेच्या आवारात भरायची. थोडंफार छापून आलेलं आहे पण विक्रीने हात दिलेला नाही, अशा लेखकांसाठीच ती निघाली. भारतीय भाषांतले लेखकही घेतात. पैसा नाही, पण खोली, जेवण आणि काही आठवडे शांतता. सध्याची जाहिरात त्यांच्या संकेतस्थळावर बघा. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा 1967 पासूनचा आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमही आहे. आपले दिलीप चित्रे 1975 मध्ये तिथे गेले होते. पण तिथे इंग्रजीत वावरावं लागतं.

पूर्वभागवाली:
चार महिने मागितले होते, चार आठवडे दिसतायत. चालतील. दिवाळीनंतर बिनपगारी सुट्टी घेता येईल. आम्हाला सगळीच सुट्टी बिनपगारी असते म्हणा. मुलाची दहावी यंदा नाही, पुढच्या वर्षी आहे. म्हणजे यंदाच. जाऊबाईंना अजून विचारलेलं नाही, त्यांनी डबा सांभाळला तर जमेल.
एकच प्रश्न: अर्जासोबत लेखनाचा नमुना मराठीत चालेल की इंग्रजी अनुवाद जोडावा?

हेसरघट्टा_रिटर्न्स:
अनुवाद जोडलेला बरा. निवड करणाऱ्या सगळ्यांना मराठी येत असेलच असं नाही. दहा पानं पाठवा, मी करून देतो. फक्त पहिल्या कादंबरीतल्यासारखी शेवटची दहा नकोत, मधली निवडा. हो, वाचली आहे मी.

पूर्वभागवाली:
अरे देवा. धन्यवाद! आज रात्री पाठवते. कारखान्यातला प्रसंग आहे, मुनीम विड्या तपासतो तो.

हेसरघट्टा_रिटर्न्स:
मिळाली. पहिल्याच पानावर अडलो. 'छाट'ला इंग्रजीत काय म्हणू? रिजेक्ट?

पूर्वभागवाली:
म्हणा हवं तर. पण मुनिमाने छाट म्हणून काढलेल्या विड्यांची मजुरी बाईला मिळत नाही, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. तळटीप नको.