‘हे कुणाला ऐकू जाणार?’ – तरुणपणी रेडिओवर बोललेल्यांनो, अनुभव सांगा

मी १९ वर्षांची होते. पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी केंद्र (१०७.४ एफएम) २००५ साली सुरू झालं, त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. रस्ते झाडणाऱ्या बायकांवर कार्यक्रम करायचा म्हणून पहाटे साडेपाचला रेकॉर्डर घेऊन निघाले. एका मावशींच्या खराट्याचा आवाज घेतला, मग प्रश्न विचारायला लागले. त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि मलाच विचारलं, "बाई, हे कुणाला ऐकू जाणारे?"

मला उत्तर देता आलं नाही. "रेडिओवर लागेल" एवढंच म्हणाले. त्यांनी विचारलं होतं वेगळंच. ज्याने ऐकायला हवं, त्याच्या कानावर हे जाईल का, असं.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सांगितलं. तो मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला होता. पुढे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना छोटी सामुदायिक रेडिओ केंद्रं चालवायची वाट मोकळी झाली. म्हणजे हवेवर आपलाही हक्क आहे. तो तरुण वयात कुणी कसा वापरला आणि पुढे काय झालं, हे मला ऐकायचंय. आकाशवाणीची युववाणी असो, कॉलेजचं केंद्र असो की गावचं. फक्त तुमच्यासोबतच्या माणसांची नावं लिहू नका.

माणदेशची लेक

ताई, तुमच्या मावशींचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले.

२०१७ ची गोष्ट. मी अकरावीत. आमच्याकडे म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर, २००८ पासून. घरात चुलीजवळच्या फळीवर रेडिओ असायचा. मी जिथे दहावी झाले, त्या शाळेत मुलींचं स्वच्छतागृह होतं, पण नळाला पाणी नव्हतं. त्यामुळे आठवी ते दहावीच्या कितीतरी मुली महिन्यातले तीन-चार दिवस घरीच राहायच्या. मी पण राहिले होते. कारण सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कुणीच नव्हतं.

रेकॉर्डर कसा धरायचा हे मी तेव्हा नुकतीच शिकले होते. तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा तिरका धरायचा, म्हणजे प आणि फ फुटत नाहीत. आमच्याकडे वारं लय. माईकची स्पंजची टोपी पुरायची नाही, मग वरून आजीचा लोकरीचा मोजा चढवला. सगळ्यात आधी घेतला तो नळाचा आवाज. तोटी फिरवली की आतून खर्रर्र करून हवा यायची आणि शेवटी एक थेंब पडायचा. मग पाच मुली बोलल्या. नाव कुणाचंच नाही, नुसता आवाज. एक जण एवढंच म्हणाली, "गणिताचं अर्धं वर्ष माझं घरीच गेलं."

मी लिहून आणलं होतं की शाळेचं दुर्लक्ष आहे, ग्रामपंचायत झोपली आहे. आवाजांची जोडणी करताना मला शिकवणाऱ्या ताईंनी ते काढायला लावलं. म्हणाल्या, "आरोप केलास तर माणूस कान झाकतो. प्रश्न विचार, म्हणजे त्याला उत्तर शोधावं लागतं." मला राग आला होता. मग शेवटी एवढंच ठेवलं : या नळाला पाणी यायला काय करावं लागेल?

कार्यक्रम लागला त्या दिवशी वडील दळण घेऊन गिरणीत होते. तिथे रेडिओ चालू असतो, पण गिरणीपुढे ऐकू काय येणार? गिरणीवाल्या तात्यांनी माझा आवाज ओळखला आणि गिरणी बंद केली. सगळी दळणवाली माणसं उभी राहून ऐकत होती. वडील घरी आले. मला वाटलं, आता ओरडा बसणार, कारण विषयच तसला. त्यांनी पिठाचा डबा खाली ठेवला आणि म्हणाले, "ती गणितवाली कुणाची गं?" मी सांगितलं नाही. त्यांनी परत विचारलंही नाही.

पण रेडिओवर लागलं म्हणून पाणी आलं नाही. पुढचं सांगते, कारण खरं काम तिथेच झालं. ग्रामसभेत मतदारयादीत नाव असलेलीच माणसं बसतात. मी १७ ची. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, तिथे आई गेली. आई आजवर चार माणसांत बोललेली नव्हती. तिने माझा मोबाईल टेबलावर ठेवला, त्यातलं रेकॉर्डिंग लावलं आणि म्हणाली, "ऐका." नळाचा खर्रर्र आवाज झाला आणि बायका हसल्या, कारण सगळ्यांच्या घरी तोच आवाज. मग मुली बोलायला लागल्या, तशी सभा गप झाली.

मुख्य ग्रामसभेला गणपूर्ती लागते : १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. त्या दिवशी बायकांनीच संख्या भरून काढली. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा तेव्हा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यायचा आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात काम घातलं तरच खर्ची पडायचा. हे मला रेडिओवरच्याच एका कार्यक्रमातून कळलं होतं, मी आईला पाठ करून दिलं होतं. ठराव झाला. आई खाली बसली नाही. "भाऊसाहेब, काय लिहिलं ते वाचून दाखवा." ग्रामसेवकांनी वाचलं. त्यात ‘शाळा दुरुस्ती’ एवढंच होतं. आईने ‘मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी व नळजोडणी’ असे शब्द घालायला लावले आणि मगच अंगठ्याऐवजी सही केली. सही तिला येत होती, पण अंगठा उठवायची सवय होती.

टाकी बसायला सात महिने लागले. तोवर मी बारावीला गेले होते.

शिवाजीनगरचा

मी आता पंचावन्नच्या पुढचा. आमच्या वेळी छोटी केंद्रं नव्हती, आकाशवाणीची युववाणी होती. १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा उपक्रम १५ ते ३० वयाच्या मुलांसाठी होता, आणि पुणे केंद्रावर बोलावणं आलं की आम्ही इस्त्रीचा शर्ट घालून जायचो. रेडिओवर शर्ट दिसत नाही, हे माहीत असूनही.

१९८९ मध्ये ६१ वी घटनादुरुस्ती झाली आणि मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. त्यावर चर्चा होती. आम्ही चौघं. संहिता आधी लिहून दिलेली. मी विरोधात बोलणार होतो, अठराव्या वर्षी समज येत नाही वगैरे. मी बोललोही. तेवढ्यात शेजारची मुलगी कागद बाजूला सारून म्हणाली, "माझ्या वर्गातल्या तिघींची लग्नं झाली. संसार सांभाळायची समज आहे की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मग मताच्या वेळीच का विचारता?"

हे संहितेत नव्हतं. काचेपलीकडे कार्यक्रम अधिकारी उभे राहिले. आम्हाला वाटलं, फीत थांबवणार. त्या काळी जोडणी म्हणजे स्पूलची फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडायची, ते वाक्य कापणं दोन मिनिटांचं काम होतं. त्यांनी कापलं नाही.

त्याच नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक झाली. १९ वर्षांचा मी रांगेत उभा होतो तो त्या मुलीमुळे आलेल्या शरमेने. तेव्हापासून दरवर्षी कॉलेजांत जाऊन मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घेतो. अजूनही पुष्कळ मुलांना वाटतं की १ जानेवारीला १८ पूर्ण नसली की वर्ष गेलं. २०२२ पासून तसं नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि १७ पूर्ण झाली की आगाऊ अर्जही देता येतो. इथे कुणाची मुलं त्या वयाची असतील तर आजच भरा.

सहा टिंबं

मी पूर्ण अंध आहे. कॉलेजच्या केंद्रावर दोन वर्षं कार्यक्रम केले.

स्टुडिओत लाल दिवा लागला की बोलायचं असतं. माझ्यासाठी दिव्याऐवजी खांद्यावर थाप ठरली. एक थाप म्हणजे सुरू, दोन म्हणजे आवरतं घे. ब्रेलचा कागद जाड असतो, पान उलटताना माईकमध्ये वीज कडाडल्यासारखं वाजतं. म्हणून मी पानं टेबलावर ओळीने मांडून ठेवायचो आणि हात सरकवत वाचायचो. ज्यांनी ऐकलं त्यातल्या बहुतेकांना मी अंध आहे हे कळलंच नाही. मला ते आधी आवडायचं. नंतर वाटलं, मग मी काय सांगतोय?

२०१९ च्या निवडणुकीआधी एक भाग केला. मतदान यंत्रावर प्रत्येक बटणाशेजारी ब्रेलमध्ये आकडा असतो. मतदान केंद्रावर ब्रेलमधली मतपत्रिकाही मिळते, ती वाचून आपल्या उमेदवाराचा क्रमांक कळतो. सोबतीला माणूस घ्यायची मुभा आहे, सक्ती नाही. हे सगळं सांगितलं. आणि आठवड्याने स्वतः गेलो तर मतदान केंद्रावरचे लोक म्हणाले, "तुमच्या वतीने भाऊ दाबेल की बटण." वीस मिनिटं मी शांतपणे तेच सांगत राहिलो जे रेडिओवर सांगितलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत. रांगेतून एक बाई म्हणाली, "अहो, हे खरं बोलतायत, मी रेडिओवर ऐकलंय."

बटण मीच दाबलं. तो लांबलचक बीप मला अजून आठवतो.

१०० वॅट

तांत्रिक बाजू पाहायचो, म्हणून कोरडं लिहितो. सामुदायिक केंद्राच्या प्रक्षेपणाला १०० वॅटची मर्यादा असते आणि मनोरा साधारण ३० मीटरपर्यंत. सपाट प्रदेशात दहा-बारा किलोमीटर ऐकू जातं, मध्ये डोंगर आला की संपलं. निम्मा कार्यक्रम तरी स्थानिक लोकांनी केलेला हवा, आणि स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. मला ही शेवटची अट अन्यायाची वाटते. गावात काय घडलं हे गावच्या केंद्राने सांगायचं नाही, हे मला पटलेलं नाही.

आमचं केंद्र बंद पडलं. पोरं उत्साहाने यायची, वर्षभरात नोकरीला शहरात जायची. ट्रान्समीटरचा एक भाग जळला, दुरुस्तीला पैसे नव्हते. शेवटच्या दिवशी एक आजोबा आले आणि म्हणाले, "बंद करू नका, नुसती खरखर तरी चालू ठेवा." इथे सगळे चांगले अनुभव येतायत, ते यावेतच. पण मनोरा उभा करणं सोपं असतं, विजेचं बिल पाचव्या वर्षी कोण भरणार हे आधी ठरवा.

झाडीपट्टी

भंडारा जिल्हा. २०२० चा लॉकडाऊन. नागपूरहून कॉलेज सोडून गावी आले. शाळा बंद, मोबाईल दहा घरांत एक, त्यातही नेटपॅक नाही. तेव्हा आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायची. आज्याचा रेडिओ माळ्यावरून काढला, सेल घातले, घासूनपुसून आंब्याखाली ठेवला. पहिल्या दिवशी चार लेकरं आली, महिन्याभरात तीस. अंतर ठेवून बसवता येईनात. मग मी ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, दवंडीचा भोंगा आहे ना, त्याच्यावर लावा. "याचा अर्ज द्या" म्हणाले. दिला. त्यांनी लावला! लेकरं आपापल्या अंगणात बसून ऐकायची, आणि भात लावणाऱ्या बायका बांधावरून उत्तरं ओरडायच्या.

त्या एका अर्जाने माझी भीती गेली. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक होती. मी नुकतीच २१ पूर्ण केली होती, उभी राहिले. पडले. पण जी ताई निवडून आली, ती आता भोंग्यासाठी मला विचारते की या आठवड्यात काय लावायचं.

पाऊलवाट

माझा अनुभव नाही, विचारायचं आहे. भाची नववीत आहे. आमच्या भागात नवं केंद्र सुरू झालंय, तिला बोलावलंय. घाबरलीय. माईकपुढे काय बोलू म्हणते. जाणकारांनी सांगावं.

माणदेशची लेक

पाऊलवाट, तिला सांगा, पहिल्यांदा स्वतः बोलायचंच नाही. घरात आजी असेल तर तिच्याजवळ बस. पंखा बंद कर, आणि कुकर लावला असेल तर शिट्ट्या होऊ दे, मग सुरू कर. रेकॉर्डर हातात धरू नको, बोटं घासल्याचा आवाज येतो, उशीवर ठेव. आजी बोलायची थांबली तरी लगेच पुढचं विचारू नको, मनात पाच मोज. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या पाचानंतर येते.

आणि पहिला प्रश्न हा विचार : "तू माझ्याएवढी होतीस तेव्हा पाणी कुठून आणायचीस?"