मदत हवी आहे: रताळ्याचा पाला आणि रताळी रोजच्या जेवणात कशी आणू? (फिलिपिन्स, शाकाहारी घर)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दीड वर्षापासून मनिलाजवळ क्वेझॉन सिटीत आहोत. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक आणि सध्या चार महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई. सगळे शाकाहारी. इथे पालेभाज्यांना तोटा नाही. कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी, मालुंगाय म्हणजे शेवग्याचा पाला, हे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आता गाडी अडलीय रताळ्यावर, म्हणजे इथल्या कामोतेवर.

आपल्याकडे रताळं म्हणजे एकादशी नाहीतर महाशिवरात्र. इथे ते नुसतं उकडून सकाळी खातात, चार वाजता खातात, कधी भाताच्या जागीही खातात. आणि त्याचा पाला! शेजारच्या आतेंनी (इथे मोठ्या बहिणीला 'आते' म्हणतात, मीही त्यांना तशीच हाक मारते) रंगाच्या जुन्या बादलीत वेल लावलाय. परवा त्यांच्या शेजारी बसून बघितलं. वेलाचं चार बोटं लांबीचं कोवळं टोक नखाने मोडायचं. जिथे कट्कन मोडत नाही तो देठ जून, तो टाकायचा. मग उकळत्या पाण्यात मिनिट-दीड मिनिट, निथळून वर टोमॅटो, कांदा घालायचा आणि कालामान्सी, म्हणजे इथलं छोटं लिंबू, पिळायचं. त्यात बागोओंग, म्हणजे कोळंबीची खारवलेली पेस्ट, घालतात. माझ्यासाठी त्यांनी आठवणीने वाटी वेगळी काढली. इतकी चवदार पालेभाजी मी कितीतरी दिवसांत खाल्ली नव्हती.

घरी मी ती मेथीसारखी केली. लसूण-मिरचीची फोडणी, वर झाकण, दहा मिनिटं. काळपट आणि बुळबुळीत झाली. लेकीने ताट सरकवलं. माझं काय चुकलं? आणि बागोओंगशिवाय ती खारट-आंबट खोली कशाने आणायची?

दुसरं, रताळ्याचं. बाजारात पांढरी, पिवळी, केशरी, जांभळी अशी सगळी दिसतात. रोज खायला कोणती घेऊ? लेकीला फक्त कामोते क्यू आवडतं, म्हणजे तेलात साखर वितळवून त्यात तळलेल्या, काडीला टोचलेल्या फोडी. ते रोज देववत नाही. सासूबाईंना मधुमेह आहे. त्या म्हणतात, रताळं म्हणजे साखरच. पण आतेंच्या आई ऐंशीच्या पुढे आहेत आणि रोज सकाळी एक उकडलेलं रताळं खातात.

शेवटचं: रताळ्याच्या जांभळ्या पानांचं उकळलेलं पाणी कालामान्सी पिळून पितात. गडद पाणी डोळ्यांदेखत गुलाबी होतं, लेक टाळ्या पिटते. डेंग्यूत हे द्यावं असंही ऐकलं. खरं आहे का? इथे पावसाळ्यात डेंग्यूची धास्ती असते, म्हणून नीट जाणून घ्यायचंय.

प्रतिसाद १

मी लोस बान्योसला बारा वर्षं आहे. ताई, तुमचं झाकण आणि दहा मिनिटं, दोन्ही चुकलं. हा पाला फार वेळ शिजला की बुळबुळतोच. आधी उकळत्या पाण्यातून काढा, लगेच गार पाण्यात टाका, हाताने दाबून पिळा. फोडणी वेगळी करून वरून ओता. बागोओंगच्या जागी मी दाण्याचं कूट, मीठ, ठेचलेली हिरवी मिरची आणि जास्तीचं कालामान्सी घालते. टोमॅटो मात्र कच्चाच ठेवा. उरलेला पाला मुगाच्या पातळ वरणात शेवटच्या दोन मिनिटांत टाकते. इथली मुंगो, म्हणजे मुगाची आमटी, करतानाही पाला असाच शेवटी पडतो.

रंगाचं म्हणाल तर लेकीसाठी केशरी गराची घ्या. 'अ' जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते बीटा कॅरोटीन त्यात भरपूर, पांढऱ्यात जवळजवळ नाही. ते अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते, म्हणून गिनाताआन करा. नारळाच्या दुधात रताळं, साबा केळी (इथली शिजवून खायची केळी), साबुदाणा. साखर न घालताही पुरेसं गोड होतं. डब्यासाठी किसलेलं रताळं, तांदळाचं पीठ, जिरं, मिरची घालून थालीपिठासारखं तव्यावर थापा. इथला ओकोय किसलेल्या रताळ्याचा आणि कोळंबीचा असतो, हा त्याचा शाकाहारी भाऊ. आणि एक जपा: गडद जांभळं, खरखरीत सालीचं 'उबे' मिळतं ते रताळं नव्हे, ते आपलं कोनफळ. मी पहिल्या वर्षी दोन किलो आणलं होतं.

कामोते हा शब्द मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतल्या 'कामोत्ली'वरून आला. १५६५ ते १८१५ मनिला आणि अकापुल्को यांच्यात स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्या काळात कंद आणि नाव दोन्ही इथे रुजलं. तरी इथल्या लोकांना त्याची थोडी लाज वाटते. रस्त्यावर वेडीवाकडी गाडी हाकणाऱ्याला 'कामोते' म्हणून शिवी देतात. मला ते फार लागतं. वादळात भात आडवा होतो तेव्हा जमिनीखालचं हेच कंद घर जगवतं.

प्रतिसाद २

सासूबाईंबद्दल: १०० ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात साधारण १८ ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढ्याच भातात २८च्या आसपास. म्हणून भाताऐवजी द्या, भाताबरोबर नको. भाजण्यापेक्षा उकडलेलं बरं, भाजल्यावर रक्तातली साखर जास्त वेगाने चढते. खाल्ल्यावर दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघा आणि त्यावरून माप ठरवा. डेंग्यूत द्यावं म्हणतात ते पानांचं पाणी औषध नाही. सरबत म्हणून खुशाल प्या, पण ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आज पाला पिळून, दाण्याचं कूट घालून केला. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला. आतेंना वाटी नेऊन दिली तर त्या कुटाकडे बघतच राहिल्या, कृती लिहून मागितली. आता एकच विचारायचंय: खुडलेला पाला फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशी काळा पडतो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू, की रोज ताजाच खुडावा लागेल? आतेंनी मला चार काड्या दिल्यात, त्या नुसत्या मातीत खोचल्या तर लागतील ना?