मिनेसोटातली तळी: जून की ऑगस्टअखेर?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळ्यांकाठी तंबू ठोकून राहायला जून बरा की ऑगस्टअखेर, या चर्चेत माझं मत डोळे झाकून ऑगस्टअखेरीला. जूनमध्ये तिथले डास आणि काळ्या माश्या जीव नकोसा करतात. तंबूची चेन उघडून आत शिरेपर्यंत पाच-सहा जण आपल्याआधी आत!

डुलुथ शहरातून हायवे ६१ धरलात की उजव्या हाताला लेक सुपीरियर. गूसबेरी धबधबा आणि १९१० सालचं स्प्लिट रॉक दीपगृह वाटेवरच लागतात. पुढे ग्रँड मरे या गावापासून गनफ्लिंट ट्रेल हा रस्ता आत जंगलात वळतो, खरी मजा तिथे. पेट्रोल मात्र ग्रँड मरेलाच भरून घ्या.

बाउंड्री वॉटर्स या तळ्यांनी भरलेल्या राखीव जंगलात मुक्काम करायचा तर १ मे ते ३० सप्टेंबर परवान्यांना कोटा असतो, तो आधी बघा. एका गटात जास्तीत जास्त ९ माणसं आणि ४ होड्या, तेव्हा "अजून दोघं येतायत" म्हणणाऱ्या मित्राला आत्ताच आवरा. काचेच्या बाटल्या, डबाबंद खाणं चालत नाही. सरपण घरून नेऊ नका, तिथलंच घ्या. ॲशची झाडं पोखरणारी कीड लाकडातून पसरते. आणि हो, अस्वलांमुळे खाण्याचं काहीही, अगदी टूथपेस्टसुद्धा, तंबूत ठेवायची नाही.