मदत हवी आहे : कुमारी फळमाशीवर मेथोप्रिनचा परिणाम कसा मोजावा?

समागमात नराकडून येणाऱ्या सेक्स पेप्टाइड या छोट्या प्रथिनामुळे फळमाशीच्या मादीत ज्युवेनाइल हार्मोन वाढते आणि अंड्यांत पीतक (पोषक बलक) साठू लागते. हे हार्मोन बाहेरून दिल्यास कुमारी मादीत काय घडते, हे मी एम.एस्सी.च्या प्रकल्पात पाहत आहे. कोशातून बाहेर पडल्यापासून 8 तासांच्या आत माद्या वेगळ्या करून, 25 अंश सेल्सिअसला ठेवून, ॲसिटोनमधील मेथोप्रिनचा (ज्युवेनाइल हार्मोनसारखे काम करणाऱ्या कृत्रिम रसायनाचा) सूक्ष्म थेंब त्यांच्या पोटावर लावला. मात्र तुलनेसाठी नुसते ॲसिटोन लावलेल्या माद्यांचे अंडाशयही पांढरट, पक्व अंड्यांनी फुगलेले निघाले (यीस्ट सढळ हाताने घातले होते, बहुधा तेच नडले). उत्परिवर्ती वाण मागवणे शक्य नाही. तेव्हा यीस्ट बंद करून फक्त वाढीच्या नवव्या-दहाव्या टप्प्यातील (पीतक साठत असलेल्या) अंडपेशी मोजाव्यात का, आणि थेंब लावल्यावर किती तासांनी विच्छेदन करावे?