व्हीलचेअरवरून छायाचित्रण: कॅमेरा कुठे बसवावा आणि सुरुवात कुठून करावी?

वाघूरकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मणक्याच्या दुखापतीमुळे माझी कमरेखालची हालचाल गेली असून हाताने चालवायची व्हीलचेअर हेच आता माझे वाहन आहे. हातांत बळ चांगले आहे. छायाचित्रणाचा छंद दुखापतीपूर्वीपासूनचा. क्रॉप सेन्सरचा (म्हणजे पूर्ण आकारापेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि १८-५५ मिमी व ५५-२५० मिमी अशा दोन लेन्स कपाटात पडून आहेत, आणि या हिवाळ्यात त्या पुन्हा बाहेर काढाव्यात असे प्रकर्षाने वाटू लागले आहे.

अडचण अशी की ट्रायपॉड समोर उभा केला की त्याचे पाय खुर्चीच्या पायटेकणीत अडकतात, आणि कॅमेरा हातात धरला तर २५० मिमीवर फोटो हललेला येतो, कारण पोटाच्या स्नायूंचा आधार नसल्याने दोन्ही हात वर नेले की तोलच जातो. एखाद्या कार्यक्रमाला गेलो तर समोरच्यांच्या पाठींखेरीज काही दिसत नाही. घरचे प्रेमाने सांगतात की घरात बसूनच फुलांचे, वस्तूंचे फोटो काढ. मला मात्र मेहरुण तलावावरचे पक्षी आणि रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा टिपायच्या आहेत. नवे साहित्य फारसे न घेता हे जमू शकेल काय? स्वतः खुर्चीवरून छायाचित्रण करणाऱ्यांचा अनुभव विशेष उपयोगी पडेल.

तापीचा गाळ (भुसावळ)

भाऊ, मी स्वतः खुर्चीवरूनच पक्ष्यांचे फोटो काढतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. ट्रायपॉड विसरा. कॅमेऱ्याचा आधार जमिनीवर नव्हे, खुर्चीवर उभारायचा. छायाचित्रणाच्या साहित्यात सुपर क्लॅम्प नावाचा शिकंजा मिळतो; तो साधारण १३ ते ५५ मिमी जाडीच्या नळीला घट्ट बसतो आणि आपल्या खुर्च्यांच्या नळ्या या मापात आरामात येतात. त्यावर एक छोटा बॉल हेड, म्हणजे कॅमेरा हव्या त्या दिशेला वळवणारा सांधा, लावला की झाले. मात्र क्लॅम्प हाताच्या टेकणीला लावू नका, कारण निघणारी टेकणी खोबणीत किंचित खुळखुळते आणि ती थरथर लांब लेन्सवर लगेच दिसते. तो मुख्य चौकटीच्या नळीलाच हवा. क्लॅम्प परवडत नसेल तर मोनोपॉड (एकाच पायाचा स्टँड) दोन मांड्यांच्या मधून पायटेकणीवर टेकवून वेल्क्रोच्या पट्ट्याने चौकटीला बांधला तरी काम भागते. दोन्ही पद्धतींत कॅमेऱ्याचे वजन हातांवर राहत नाही, त्यामुळे एक हात टेकणीवर ठेवून तोल सांभाळता येतो.

फोटो हलण्याचे कारण दर वेळी हातच असतात असे नाही. खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. टायरमधली हवा कमी असेल तर ब्रेक लावलेला असूनही खुर्ची हलकीशी सरकत राहते. त्यामुळे निघण्यापूर्वी आधी हवा तपासावी आणि मग बॅटरी. दुसरे म्हणजे पुढची लहान चाके. थांबायच्या ठिकाणी पोहोचल्यावर खुर्ची वीतभर मागे घ्या. तसे केल्याने ती चाके गर्रकन फिरून पुढच्या दिशेला तोंड करतात, खुर्चीचा पाया पुढून लांबतो आणि कॅमेऱ्याकडे वाकल्यावर तोल जात नाही. त्यानंतर ब्रेक लावावा. आणखी एक, कॅमेऱ्याची जड बॅग मागच्या मुठींना अडकवू नये. सपाट रस्त्यावर काही वाटत नाही, पण चढावर खुर्ची मागे कलंडते. बॅग आसनाखाली किंवा मांडीवरच असावी.

शटरचे गणित तुम्हाला ठाऊक असेलच: क्रॉप सेन्सरवर २५० मिमीला हाताने किमान १/४०० सेकंद हवा. बसलेल्या बगळ्याला किंवा खंड्याला तेवढा पुरतो, उडणाऱ्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याहून कमी वेळ लागतो. अशा वेळी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवायला संकोच करू नका; दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट उणी बाजू म्हणून आली आहे, तिच्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. खुर्चीत बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर येतात. पाण्यावरच्या वारकरी पक्ष्याचा किंवा चक्रवाक बदकाचा फोटो उभ्या माणसाने घेतला तर मागे नुसते पाणी येते; आपल्या उंचीवरून घेतल्यास पलीकडचा काठ पार्श्वभूमीत यायला लागतो आणि पक्षी उठून दिसतो. शिवाय बसलेली आकृती पक्ष्यांना उभ्या माणसाइतकी भेडसावत नाही. हतनूर धरणाच्या फुगवट्याकडे हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात, पण तिथल्या गाळात खुर्चीने उतरू नये. मी चारचाकीतूनच फोटो काढतो, कारण पक्षी गाडीला फारसे बिचकत नाहीत. खिडकीच्या काचेवर ठेवायला जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तिच्यात सरकी भरली आहे. तांदळाच्या पिशवीपेक्षा ती हलकी होते, आणि आपल्या खान्देशात सरकीला तोटा नाही.

मेणबत्ती (चाळीसगाव)

वरील सर्व सूचना मान्य करूनही घरच्यांच्या सल्ल्याची बाजू मांडावीशी वाटते. आमच्या गावचे केकी मूस (१९१२–१९८९) यांनी आयुष्याचा फार मोठा काळ स्वतःच्या बंगल्याबाहेर जवळजवळ न पडता काढला, आणि त्यांचे नाव झाले ते टेबलटॉप छायाचित्रणामुळे, म्हणजे टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून त्यांतून अख्खे निसर्गदृश्य उभे करण्याच्या कलेमुळे. त्यांच्या एकांतवासामागच्या प्रेमकथेची चर्चा पुष्कळ होते, प्रकाशयोजनेची मात्र होत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. त्यांचे घर आता कलादालन म्हणून जपलेले आहे. छायाचित्रांच्या मूळ प्रती जवळून पाहाव्यात.

आपणास सुचवायचे ते इतकेच की खिडकीलगत गुडघे आत जातील अशा उंचीचे टेबल घ्यावे, एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूस पांढरा पुठ्ठा ठेवावा, आणि भरताचे एखादे वांगे घेऊन बसावे. वांग्याच्या चकचकीत सालीवर खिडकीची चौकट उमटते. ती चौकट काढून टाकायची की ठेवायची, ठेवली तर किती जाडीची, हे ठरवता ठरवता प्रकाशाचा जितका अभ्यास होतो तितका तलावावर महिनाभर जाऊनही होत नाही.

पांझरा (धुळे)

मेणबत्तीदादा, केकी मूस यांच्याविषयी माझ्याही मनात आदर आहे, पण हे उदाहरण इथे देऊ नये असे मला वाटते. ते घरात राहिले ते स्वतःच्या मर्जीने. दार उघडून केव्हाही बाहेर पडण्याची मोकळीक त्यांना होती. आम्हाला मात्र घरात बसा असे सुचवले जाते ते बहुधा बाहेर पायऱ्या असतात म्हणून. टेबलटॉप जरूर करावे, ते आवडते म्हणून.

वाघूरकाठदादा, गर्दीबद्दल माझा अनुभव सांगते. मीही खुर्ची वापरते आणि दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात फोटो काढायला जाते. भर दुपारी गर्दीत शिरण्यात अर्थ नसतो. सकाळी घोडे धुण्याची, खरारा करण्याची वेळ गाठावी. १८ मिमीवर, खुर्चीच्या उंचीवरून वर पाहत घेतलेला घोडा आभाळात मान उंचावून उभा असल्यासारखा दिसतो. उभ्या छायाचित्रकारांना त्यासाठी गुडघे टेकावे लागतात! मात्र घोड्याच्या मागच्या बाजूस खुर्ची कधीही नेऊ नये, कारण आपल्याला झटकन बाजूला होता येत नाही. मालकाला विचारून, खांद्याच्या बाजूने, सोबत एक माणूस ठेवूनच जावे. गर्दीत अडकलातच तर मोनोपॉड वर उचलून, कॅमेऱ्याचा पडदा खाली वळवून, रिमोटने किंवा मोबाइलवरून फोटो घेता येतो.

लोक आपल्याला न विचारता खुर्ची ढकलू लागतात, आणि आपण फोटो काढत असताना आपलाच फोटो काढतात, याचीही तयारी ठेवा. मी पहिल्याला स्पष्ट नकार देते आणि दुसऱ्याकडे कॅमेरा वळवते.

आमच्याकडच्या एका बागेच्या फाटकाशी मोटारसायकली अडवण्यासाठी आडवे पाइप लावले आहेत, त्यांतून खुर्चीही जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये सार्वजनिक जागा सुगम करण्याचे बंधन आहे, आणि सुगमतेचे निकष ऐच्छिक नव्हे तर बंधनकारक असावेत असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ च्या निकालात म्हटले आहे. त्यामुळे अशा ठिकाणचा फोटो काढून, मोजमाप लिहून, लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. माझ्या अर्जाला अद्याप उत्तर नाही. स्मरणपत्र दिले आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून थोडीशी वेगळी सूचना. पक्ष्याची वाट पाहताना माणूस तासभर निश्चल बसतो, आणि ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांना त्वचेवर पडणारा दाब जाणवत नाही. मोबाइलवर गजर लावून दर १५ ते ३० मिनिटांनी दोन्ही हातांवर शरीर उचला किंवा पुढे व बाजूला झुकून दाब मोकळा करा. एकदा झालेली दाबजखम महिनोन्महिने अंथरुणाला खिळवते. कॅमेऱ्याच्या बॅगेचे बक्कल किंवा लेन्सचे झाकण मांडीखाली राहिले नाही ना, हेही पाहावे. दुखापत छातीच्या वरच्या भागात असेल तर घाम येण्याची यंत्रणाही मंदावते, म्हणून होळीनंतर आपल्या भागात सकाळी नऊनंतर बाहेर थांबू नये.

वाघूरकाठ (जळगाव)

सर्वांचे आभार. खुर्ची वीतभर मागे घेण्याची युक्ती अंगणात लगेच करून पाहिली. खुर्ची खरोखरच स्थिर राहते. पांझराताई, घरच्यांना आपले उत्तर वाचून दाखवले आहे. वांग्याचा प्रयोगही करणार आहे, मेणबत्तीदादांनी वाईट वाटून घेऊ नये. केळीच्या बागेबद्दल मात्र कोणी लिहिले नाही.

केळीवाला (रावेर)

बागेबद्दल मी सांगतो, शेती आमचीच आहे. लागवड साधारण सहा बाय पाच फुटांवर असल्याने दोन ओळींमधून खुर्ची रुंदीला जाईल, पण ठिबकच्या नळ्यांमुळे जमीन ओली असते आणि काळ्या मातीत पुढची लहान चाके रुततात; माती चाकाच्या कण्याभोवती अशी गुंडाळली जाते की चाक फिरतच नाही. म्हणून बागेत शिरताना खुर्ची उलटी, मोठी चाके पुढे करून ओढावी लागेल, आणि आदल्या दिवशी पाणी बंद ठेवावे लागेल. तेवढे मी करू शकतो.

त्याहून चांगले म्हणजे कापणीच्या दिवशी यावे. मजूर खांद्यावर घड घेऊन बांधावरच्या गाडीरस्त्याला येतात आणि तो रस्ता टणक आहे. सकाळी आठच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून थांबलात तर ऊन पानांच्या मागून येते आणि प्रत्येक शीर दिसते. कॅमेऱ्यावर केळीचा चीक पडणार नाही एवढे सांभाळा, त्याचे डाग निघत नाहीत. कापणीचा दिवस व्यापाऱ्याच्या गाडीवर ठरतो, त्यामुळे एक दिवस आधीच कळवता येईल. चालत असेल तर इथेच लिहा.